गेनाची रोपं

रिम्माला रोपांचा मनापासून तिटकारा होता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कोणीतरी म्हणायचं, काय प्रेमळ बाई, झाडापाल्यावर किती माया. माया वगैरे काही नव्हतं. नदीकाठच्या आमच्या वेर्ख्नी लोग गावात जानेवारी सरायला आला की घरोघर जो मातीचा पसारा सुरू होतो, त्याच्या नावानं रिम्मा लग्न झाल्यापासून बोटं मोडत आली होती.

पसारा म्हणजे असा, की बाहेर कमरेएवढा बर्फ असतो आणि आत खिडकीच्या फळीवर दुधाचे कापलेले खोके, दह्याचे रिकामे डबे, जामच्या बरण्यांची झाकणं यांची रांग लागते. आमचा उन्हाळा आला म्हणेपर्यंत जातो. मिरचीचं बी थेट जमिनीत टाकावं, तर ती फुलावर येईपर्यंत पुन्हा बर्फ पडायचा. म्हणून सगळं घरात उबेला लावायचं, मे संपेपर्यंत सांभाळायचं आणि मग बसमध्ये मांडीवर घेऊन नदीपलीकडच्या परड्यात न्यायचं. हे इथं सगळेच करतात. दवाखान्यातली डॉक्टरीण करते, चौकीतला पोलीस करतो, चर्चमधले पाद्रीबुवा करतात. पण गेनाचं म्हणजे अतीच होतं.

गेना रिम्माचा नवरा, तिला रिम्का म्हणायचा. कारखान्यात वायरमन होता, पेन्शनीत निघाल्यावर नुसता माळी उरला. हाताचा कसबी आणि तोंडाचा फटकळ. थंडी पडायच्या आधीच तो परड्यातली माती पोत्यांत भरून आणायचा आणि बाल्कनीत रचायचा. तिथं ती गोठून दगड व्हायची. जानेवारीत एकेक पोतं न्हाणीघरात वितळायला यायचं आणि तेवढे दिवस रिम्मानं आंघोळ कुठं करायची, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. मग ती माती ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये भाजायची, आतले किडे आणि बुरशी मरावी म्हणून. भाजक्या मातीचा वास सगळ्या जिन्यात पसरायचा. रिम्मा म्हणायची, लोकांच्या ओव्हनला केकचा वास येतो, माझ्याला दफनभूमीचा.

बियांची तर वेगळीच तऱ्हा. गुलाबी औषधाच्या पाण्यात बुचकळून, ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून गेना ती शर्टाच्या आतल्या खिशात छातीशी ठेवायचा. अंगाच्या उबेनं मोड लवकर येतो म्हणे. झोपतानाही शर्ट काढायचा नाही. रिम्माचा हात चुकून त्याच्या छातीवर पडला, तर “बी चिरडशील” म्हणून बाजूला सारायचा. एकदा ती वैतागून म्हणाली होती, पुढच्या जन्मी मिरची होऊनच येते, म्हणजे तू जवळ तरी घेशील. त्यावर गेना म्हणाला, आधी उगवून दाखव.

आणि सगळ्यांत मोठं भांडण झडपेचं. आमच्या घरांत नगरपालिकेच्या बॉयलरची ऊब नळांतून येते. ती कमी करायची सोय नाही, ते ठरवतील तेवढं तापायचं. बाहेर पारा गोठलेला आणि आत माणूस बनियनवर घामाघूम. त्यासाठी खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात एक लहान झडप असते. ती घडीभर उघडायची, घरात हवा खेळवायची आणि लावून टाकायची. रिम्मानं उमेदीची सगळी वर्षं कारखान्यात क्रेन चालवली होती, वितळल्या लोखंडाच्या वर टांगलेल्या खोलीत बसून. तिथला उकाडा तिच्या असा डोक्यात बसला होता, की हवा कोंडली की तिचा जीव कासावीस व्हायचा. आणि गेना रोपं फळीवर मांडली रे मांडली, की ती झडप तारेनं करकचून बांधून टाकायचा.

“गार वाऱ्याचा एक झोत आला की मिरच्या गेल्याच समज,” तो म्हणायचा.

“आणि मी गुदमरून गेले म्हणजे?”

“तू कुठली जातेस. दणकट आहेस.”

यंदाही हे सगळं रीतसर झालं. माती भाजली, तार बांधली, गुलाबी उजेडाचा दिवा फळीवर टांगला. ढोबळी मिरची, वांगी, सेलरी आणि जांभळ्या पानांची तुळस, सगळं पेरून झालं. तुळस पाच-सहा दिवसांत वर आली. मिरची मात्र भारी सुस्त, ती दोन दोन आठवडे तोंड दाखवत नाही. तिची वाट पाहत असतानाच एका सकाळी गेना बूट घालायला वाकला आणि तसाच भिंतीला टेकून खाली बसला. ॲम्ब्युलन्स आली. त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. हृदयाच्या त्या वॉर्डात भेटायला सोडत नसत. संध्याकाळी एकदा फोनवर बोलायचं, एवढंच.

फोनवर तरी काय बोलावं माणसानं. रिम्मा विचारायची, दुखतंय का, जेवण कसलं देतात, उशी बरी आहे का. गेना विचारायचा, नळाचं पाणी तसंच घालत नाहीस ना, बरणीत दिवसभर मुरू देतेस ना. डबे रोज फिरवून ठेवतेस का, नाहीतर उजेडाकडे वाकतात. रिम्मा हो हो करायची. शेवटचा फोन आला तेव्हा ती स्वयंपाकघरात बटाटे परतत होती.

“मिरच्या वर आल्या का?” गेनानं विचारलं.

“आल्या,” रिम्मा म्हणाली. तिनं बघितलंही नव्हतं.

“किती?”

“आल्यात म्हटलं ना. आता मोजत बसू?”

“मग दिवा जरा खाली घे. मेपर्यंत जगव त्यांना, रिम्का. तुझ्याकडून एवढं होईल.”

फोन ठेवल्यावर रिम्मानं बटाटे खाल्ले, भांडी घासली आणि झोपली. सकाळी इस्पितळातून दुसऱ्याच कुणाचा तरी फोन आला.

गेनाला घरी आणलं तेव्हा आमच्या जिन्यातल्या बायका आल्या, त्यांत शेजारची कापितोलिना पुढे. कापा म्हणतात तिला. रिम्माच्याच वयाची, दोघींचं घर एका भिंतीला लागून. शवपेटी खोलीत खिडकीशीच ठेवायची होती, म्हणून रोपांचे डबे उचलून स्वयंपाकघरात नेले. मयताच्या घरी टाकतात तशा आरशांवर चादरी टाकल्या. मग कापानं स्टुलावर चढून झडपेची तार पिळा देऊन सोडवली आणि झडप सताड उघडली, गेनाच्या जिवाला बाहेर जायला वाट हवी म्हणून. तार हीटरच्या मागे पडली. रिम्मा ते बघत होती. तिच्या मनात आलं, गेना आता चिडणार. पण गेना पेटीत होता, नवा शर्ट घालून.

मिरच्या त्याच दिवशी उगवल्या. कोणीतरी चहा करायला स्वयंपाकघरात गेली आणि तिला दिसलं की डब्यांतून हिरवे आकडे वर आलेत, माना वाकवून. झालं. एक जीव गेला आणि एक जीव आला, असं म्हणून बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. लोकांना असलं बोलायला फार आवडतं, त्याला आपण काय करणार. रिम्मा त्यांच्यामागे उभी राहून डब्यांकडे पाहत होती. आपण फोनवर सांगितलेलं खोटं आता खरं झालं, एवढंच तिच्या डोक्यात आलं. मग दिवा खाली घ्यायला हवा हे आठवलं आणि ती दिवा शोधायला गेली.

त्यानंतर ती जी गप्प झाली ती झालीच. म्हणजे बोलायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची, दुकानात जायची. पण रडली नाही. पुरताना नाही, नवव्या दिवसाच्या जेवणाला नाही. येकातेरिनबुर्गहून लेक आली होती, इन्ना. ती पोर रडून रडून सुजली आणि आईकडे बघून आणखी घाबरली. आई, रड तरी, म्हणाली. रिम्मा म्हणाली, येईल तेव्हा रडेन, आता नाही येत तर काय करू. तिला खरंच काही होत नव्हतं. छातीत दुखत नव्हतं, घशाशी काही येत नव्हतं. एकदा ओव्हनच्या ट्रेनं हात भाजला, तो तिला संध्याकाळी फोड दिसल्यावर कळला. चहात साखर घातली की नाही हे दोन घोट घेऊनही सांगता यायचं नाही. दात काढताना डॉक्टर सुई देतो आणि अर्धा जबडा आपला राहत नाही, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती.

इन्नानं खूप धरलं, माझ्याकडे चल. ही रोपं कापामावशीला देऊन टाक, तिलाही हौस आहे, आणि आजच्या आज निघू. रिम्मानं मान हलवली.

“मे झाल्यावर येते,” ती म्हणाली.

“आई, तुला तर यांचा राग यायचा.”

“येतोच आहे.”

राग येतो म्हणाली खरी, पण तोही येत नव्हता. तिला एवढंच माहीत होतं, की गेनानं एक काम सांगितलंय आणि ते मेपर्यंतचं आहे. रोज सकाळी ड्यूटीवर गेल्यासारखी ती खिडकीशी जायची. बरणीतलं मुरलेलं पाणी चमच्यानं घालायची, पानांवर पडू न देता. डबे फिरवायची. दिवा लावायची, अंधार पडून बराच वेळ झाला की बंद करायची. बुडाशी देठ काळं पडून रोप आडवं होतं, ती बुरशी येऊ नये म्हणून मातीवर गेनानं परड्यातून आणून ठेवलेली राख भुरभुरायची. मिरचीला खरी पानं फुटल्यावर प्रत्येक रोप वेगळ्या डब्यात हलवायचं असतं, मुळाचं टोक चिमटीनं खुडून. ते काम तिनं जन्मात केलं नव्हतं. कापानं येऊन दाखवलं आणि दोघींनी मिळून केलं. एकही रोप मेलं नाही. कापा हळू आवाजात म्हणाली, गेनासारखा हात आहे बाई तुझा. हल्ली सगळेच तिच्याशी हळू आवाजात बोलायचे. घरात कोणी झोपलंय असं वाटायचं.

पण त्या डब्यांपुढे उभी राहिली की एक गोष्ट तिच्या डोक्यात दळण दळायची. शेवटचं बोलणं, आणि तेही मिरच्यांचं. रिम्का, तू कशी आहेस, हे नाही. रिम्का, भीती वाटते, हेही नाही. तुझ्याकडून एवढं होईल. म्हणजे काय? इतकी वर्षं तुझ्याकडून काही झालं नाही, निदान एवढं तरी कर, असं? की माझं जे आहे ते तुझ्यावर सोपवतो, असं? ती त्याच्या आवाजात ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघायची. कधी टोमणा वाटायचा, कधी नाही. मेमध्ये ही रोपं परड्यातल्या काचघरात उभी राहिली, तर म्हणता येईल की झालं माझ्याकडून, बघ. तेवढ्यासाठी ती उठत होती, नाहीतर तिला उठायचं काही कारण नव्हतं.

मार्चचा मध्य आला. रोपं वीतभर झाली, मिरचीचे देठ काडीसारखे टणक, तुळशीला हात लागला तरी बोटांना वास यायचा. दुसऱ्या दिवशी चाळिसावा होता. आमच्यात असं मानतात, की गेलेला माणूस चाळिसाव्यापर्यंत घरातच वावरत असतो, मग त्याला जेवून निरोप द्यायचा. कपाटावर गेनाच्या फोटोपुढे पाण्याचा पेला आणि त्यावर काळ्या पावाचा तुकडा ठेवलेला होता. कापा सारखी सांगायची, सगळं बघतोय तो, उद्यापर्यंत इथंच आहे. रिम्मा हूं म्हणायची. पाद्रीबुवांवरही तिचा कधी फारसा विश्वास नव्हता.

सकाळपासून तिनं जेवणाची तयारी काढली होती. धिरड्यांचं पीठ भिजवलं, मासे तळले. तळणाचा धूर घरभर झाला. उद्या माणसं येणार, घराला हा वास नको, म्हणून तिनं खोलीत जाऊन स्टुलावर चढून झडप उघडली. पाचच मिनिटं, असं मनाशी म्हणाली. इतकी वर्षं ज्या झडपेसाठी भांडली, ती उघडताना तिच्या मनात काहीसुद्धा आलं नाही. बाहेर फेब्रुवारीसारखी थंडी पुन्हा उलटली होती, पारा उणे वीसच्या खाली. मग तिला आठवलं की गोड भातात घालायला मनुका नाहीत. तिनं कोट घातला, शाल गुंडाळली आणि ती निघाली.

दुकानात मनुका नव्हत्या, बाजारात जावं लागलं. तिथं कारखान्यातल्या जुन्या बाया भेटल्या. त्यांनी तिला मिठी मारली, गेनाचे गुण गायले, जे तो असताना त्यांना कधी दिसले नव्हते. बसला उशीर झाला. घरी आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतलं आणि तांदूळ निवडायला बसली. कोट काढायचा राहिला होता. आपण कोट घालूनच बसलोय आणि तरी उकडत नाहीये, हेही तिच्या लक्षात आलं नाही.

दुपार कलल्यावर कापा मोठं पातेलं घेऊन आली. दारातच थबकली.

“अगं, घर आहे की तळघर? तोंडातून वाफ निघतेय माझ्या.”

रिम्मानं मान वर केली. कापा पातेलं खाली ठेवून खोलीकडे गेली आणि तिथून तिचा आवाजच येईना. रिम्मा उठली, तिच्या मागोमाग गेली.

झडप उघडीच होती. तिच्या कडेला बर्फाची झालर लागली होती. गुलाबी दिवा लागलेला, आणि त्याच्या उजेडात फळीवरचे डबे जसेच्या तसे रांगेत. रोपं मात्र उभी नव्हती. डब्यांच्या काठांवरून लोंबत होती, काळपट ओली, उकडलेल्या पालकासारखी. कापानं एक पान हातात घेतलं, ते बोटांना चिकटून आलं. मग ती स्टुलावर चढली आणि तिनं झडप लावली. 

“जाऊ दे,” ती हळूच म्हणाली, घरात कोणी झोपलंय अशा त्याच आवाजात. “माझ्याकडं पुष्कळ आहेत. मिरची देते, वांगी देते. त्याच डब्यांत लावू.”

“नको,” रिम्मा म्हणाली. “त्याला लगेच कळेल. तो एकेक रोप ओळखतो.”



रिम्मानं कोपऱ्यातली बादली ओढली आणि ती डबे त्यात रिकामे करू लागली, घाईघाईनं, एकामागून एक. काम करता करता ती बोलत होती, आणि तिचा आवाज हलका झाला होता, काही लपवताना माणसाचा होतो तसा. ही बादली वर्तमानपत्र झाकून खाली नेऊन टाकायची. मग सांगायचं की यंदा बीच खराब निघालं. पाकिटातलं होतं ना, बाजारचं, त्यांचा काय भरवसा. नाहीतर सांगायचं काळी बुरशी आली, एका दिवसात सगळी आडवी झाली. झडपेचं मात्र नाव काढायचं नाही. कापा, तूही काढू नकोस, तो तुला हटकून विचारेल. मला शिव्या घालेल, आठवडाभर बोलणार नाही, मी ओळखते ना त्याला, पण झडपेचं कळलं तर—

“रिम्मा,” कापा म्हणाली. “कोणाला सांगणार आहेस तू?”

“गेनाला.”

हे म्हणून झालं आणि तिचा हात बादलीवर तसाच थांबला. हातात तुळशीचा डबा होता, त्यातली माती गोठून डब्याला घट्ट धरून बसली होती. तिनं खोलीभर नजर फिरवली, कपाटाकडे, दाराकडे, त्याच्या खुर्चीकडे. शाळेत काच फोडलेल्या पोरीसारखी ती उभी होती, खांदे आवळून, आता बोलणी बसणार म्हणून.

“तू म्हणालीस ना, उद्यापर्यंत तो घरातच असतो,” ती म्हणाली. “सगळं बघतो म्हणालीस. मी सगळी मारली, कापा. एवढं एक सांगितलं होतं त्यानं मला, ते मी मारलं. मग ओरडत का नाही तो?”

 कापानं रिम्माच्या कोटाच्या बाहीला हात लावला. रिम्मानं तो झटकला आणि गप्प राहायची खूण केली. ती ऐकत होती. कापाही ऐकू लागली, तिचा इलाज नव्हता. नळांत पाणी गुळगुळलं. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. गेना ओरडायला लागला की आधी घसा खाकरायचा. रिम्मानं खाकरण्याची वाट पाहिली, मग आणखी थोडा वेळ पाहिली.

कोणी ओरडलं नाही. रिम्मा तो डबा पोटाशी धरून खाली जमिनीवर बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. पार तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं.